उभ्या बाईचं माप

डोमाच्या घरी दोन यंत्रं होती आणि त्यांचं एकमेकांशी बिलकूल पटत नव्हतं. एक ओसरीवरचं पार्वताबाईचं शिलाई मशीन, दुसरी अंगणातल्या टिनाच्या शेडखालची डोमाची निळी राजदूत फटफटी. मशीन चालू असलं की डोमाला किक मारायची मनाई, कारण धुरानं ब्लाऊजपीस काळे पडतात. आणि गाडी सुरू झाली की पार्वताबाई मशीनच्या चाकावर हात ठेवून शेडकडे अशी बघायची की गाडी आपोआप बंद पडावी. अड्याळमधल्या निम्म्या बायकांचे ब्लाऊज त्या मशीनवर शिवले गेले होते, आणि अड्याळमधल्या धानाच्या बऱ्याच बांध्यांमध्ये डोमा त्या गाडीवरून पडला होता.

गाडी रस्त्यावर चालवायची नव्हतीच. तिला हेडलाईट नव्हता, मडगार्ड नव्हतं, टायर ट्रॅक्टरला शोभतील असे खाचांचे. ती वर्षातून एकदाच धावायची, कवडूच्या शेतात.

कवडू हा डोमाचा शाळेपासूनचा मित्र. संक्रांत झाली की त्याच्या शेतावर शंकरपट भरतो. धान कापून झालं की कवडू त्या बांध्यांमध्ये लाखोरी पेरत नाही, पटासाठी मोकळ्या ठेवतो. आधी बैलजोड्या धावतात आणि शेवटच्या दिवशी फटफट्या. गाडी टू-स्ट्रोक हवी, किकवर सुरू होणारी हवी आणि तिचा नवा पार्ट कुठल्याच दुकानात मिळत नसला पाहिजे, एवढीच अट. बैल सरळ धावतात. फटफट्यांना मात्र बांध्या आडव्या कापाव्या लागतात आणि दर दोन बांध्यांमध्ये गुडघाभर उंचीचा मातीचा धुरा असतो. शेवटी बोडीखालचा, म्हणजे शेततळ्याखालचा, मोठा धुरा. तिथं वरची बांधी संपते आणि खालची कंबरभर खाली सुरू होते, त्यामुळे गाडी हवेत जाते आणि पुढच्या चाकावर येऊन आदळते. लोक खुर्च्या घेऊन बसतात ते त्याच धुऱ्यापाशी, उगाच कशाला खोटं बोला, कोण पडतो ते बघायला.

मागच्या वर्षी डोमा पडला. मनगट मोडलं, पुढच्या चाकाचे धक्के झेलणाऱ्या शॉकअपचे पाईप वाकले आणि पुढचे कितीतरी दिवस पार्वताबाईला त्याच्या शर्टाची बटणं लावून द्यावी लागली. डॉक्टरांनी सांगितलं, आता पट बघायचा, धावायचा नाही. डोमानं मान हलवली. चिखल्याच्या खाणीत जन्मभर फिटर म्हणून काम करून रिटायर झालेल्या माणसाला हाडं आणि लोखंड यातला फरक कळत होता.

पण यंदा त्याची मुलगी तृप्ती म्हणाली, "बाबा, मी चालवते."

तृप्ती पोस्टात होती. रोज टपालाची थैली घेऊन स्कुटीवर चार गावं फिरायची, आणि त्यातलं एक गाव असं होतं की तिथं जायला धुऱ्यावरचीच वाट. "मी रोज धुऱ्यावरूनच जाते ना आई," असं तिनं पार्वताबाईला अगदी साध्या आवाजात सांगितलं. पार्वताबाईनं हातातली कात्री खाली ठेवली.

"दोन गोष्टी कान उघडून आयका," ती पोरीकडे न बघता डोमाला म्हणाली. "पह्यली, पट होयेपर्यंत पोरगी त्या गाडीवर बसलेली माह्या आंगनात मले दिसाची नाई. मी हिकडं सुई चालवाची का तिकडं पोरीले पाहाची? दुसरी, पटात पोरगी पडली, त गाडी त्याच दिशी घराबाहेर. कवडूच्या कोठ्यात बांधा, नाई त बोडीत बुडवा. मले नाई पाह्यजे."

डोमानं दोन्ही अटी मान्य केल्या. दुसरा इलाजच नव्हता. पण त्या दिवसापासून शेड रिकामी झाल्याचं चित्र त्याच्या डोळ्यांपुढून जाईना. आपण चालवायची नाही हे त्यानं कसंबसं पचवलं होतं; गाडीच नसेल हे काही केल्या पचत नव्हतं. सकाळी उठून चहा घेऊन त्या गाडीपाशी उभं राहायचं, एखादा बोल्ट उगाच आवळायचा आणि परत सैल करायचा, यावर तर त्याचा दिवस सुरू व्हायचा.

वाकलेले शॉकअप आधी सरळ करून झाले, ऑइल सील बदलून झाले, तरी सकाळी बघावं तर खाली तेलाचं थारोळं. कवडूनं शेवटी हात टेकले.

"जाऊ दे बे डोमा. हे शॉकअप आता गेले. आपल्या गुडघ्याइतलेच उरले."

मग दोघं नागपूरच्या भंगार बाजारात गेले आणि मागून चेपलेल्या, डोंगरात चालवायच्या एका फटफटीचे पुढचे शॉकअप घेऊन आले. लांब, जाडजूड, नव्या जमान्याचे. बसमध्ये डोमानं ते मांडीवर घेतले होते आणि कंडक्टरनं विचारल्यावर "लग्नातलं सामान हाय" असं सांगितलं.

आता शॉकअप बदलायचे म्हणजे चार बोल्ट सोडायचे आणि चार आवळायचे असं ज्याला वाटत असेल त्यानं ते एकदा करून बघावं. दोन्ही पाईप ज्या लोखंडी पट्टीत अडकतात तिला मेकॅनिक लोक टी म्हणतात, आणि त्या टीचा दांडा गाडीच्या मानेत फिरतो. नवे पाईप जुन्या टीत शिरेनात, त्यांच्यासोबत आलेल्या नव्या टीचा दांडा जुन्या मानेत बसेना. सासर-माहेरची भांडणं काय असतील अशी ती भांडणं. डोमानं पवनीच्या लेथवाल्याकडून दोन्ही दांडे दाबून काढून घेतले, जुन्या दांड्याला एक बुश, म्हणजे लोखंडी कडं, चढवून घेतलं आणि घरी येऊन खाणीतला जुना उपाय काढला. नवी टी गरम करायची, जुना दांडा थंड करायचा, म्हणजे एक फुगतं, दुसरं आकसतं आणि दोघं मुकाट्यानं एकमेकांत बसतात.

टी अंगणातल्या पाणी तापवायच्या चुलीवर गरम झाली. दांडा कुठं थंड झाला ते पार्वताबाईला दुसऱ्या दिवशी सकाळी कळलं.

"अजी, फ्रिजात दह्याच्या गंजापाशी हे काय ठेवलं?"

"हात नको लावू! त्याले गरम करू नको!"

"लोखंडाले इरजन लावून राह्यले का तुमी?"

पण दांडा बसला. 'टण्ण' असा एकच आवाज झाला आणि बसला. डोमाला एवढा आनंद झाला की त्यानं कवडूला फोन करून तो आवाज तोंडानं काढून दाखवला. मग नवं चाक, नवी ब्रेक केबल, मानेतल्या गोळ्यांना ताजं ग्रीस. शॉकअप लांब असल्यामुळे गाडीनं मान फारच वर केली, तेव्हा पाईप टीमधून थोडे वर सरकवून तिला माणसात आणलं. हे सगळं जमलं. उरलं ते खरं काम, म्हणजे माप.

शॉकअपच्या पोटात स्प्रिंग असते आणि तेल असतं. चालवणारा गाडीवर बसला की पुढचा भाग थोडा दबला पाहिजे. फार दबला तर धुऱ्यावर तळाला जाऊन ठोकतो आणि माणसाला हँडलवरून पुढं फेकतो. कमी दबला तर हाताची सालटी काढतो. ज्याच्या त्याच्या वजनाप्रमाणे हे मधलं माप साधावं लागतं. त्यासाठी डोमा स्प्रिंगच्या वर नळवाल्याच्या पांढऱ्या प्लॅस्टिक पाईपचा तुकडा टाकायचा; तुकडा लांब तर शॉकअप कडक, आखूड तर नरम. आणि बाहेर पाईपवर एक सुतळी घट्ट बांधायची. शॉकअप दबला की सुतळी वर सरकते आणि तिथंच राहते. किती दबला ते मग तिलाच विचारायचं.

पण माप घ्यायचं तर गाडीवर तृप्ती बसायला हवी, आणि अंगणात तिनं बसायचं नव्हतं. गाडी दुसरीकडे न्यावी तर सगळी हत्यारं इथं. डोमा आणि कवडूनं यावर बराच वेळ डोकी खाजवली. मग कवडूच्या चेहऱ्यावर उजेड पडला.

"तुही पोरगी किती किलोची हाय?"

"पन्नास. पोस्टातल्या काट्यावर चढली होती ते."

"आन् तांदळाचा कट्टा किती किलोचा येते?"

दोघं एकमेकांकडे बघत राहिले. इतकं सोपं होतं! कवडूनं घरून तांदळाचा एक कट्टा आणला आणि दोघांनी तो सीटवर चढवून दोरीनं बांधला. हेल्मेट-बुटांचं वजन म्हणून दोन विटा ठेवल्या. एवढ्यावर थांबतील तर ते कवडू-डोमा कसले? कवडूनं कट्ट्यावर तृप्तीचं हेल्मेट बसवलं, तिची जुनी ओढणी गुंडाळली. पुढचे आठ-दहा दिवस अड्याळमध्ये तो विनोद पुरला. येणारा-जाणारा कुंपणावरून "काय तृप्तीताई, आज सुट्टी का?" असं कट्ट्याला विचारून जायचा. तृप्ती ड्युटीवरून आली की कट्ट्याच्या पाठीवर थाप मारून म्हणायची, "दमली असशीन ना व माय?" पार्वताबाई मात्र हसायची नाही. पण अट मोडली गेली नव्हती, त्यामुळे बोलताही येत नव्हतं.

डोमानं तुकडे कापले, तेल ओतलं, काढलं, परत ओतलं. कट्टा बसवला की सुतळी पुरेशी सरकेना, म्हणून त्यानं पांढऱ्या पाईपचे तुकडे आखूड केले. शेवटी सुतळी हवी तिथं आली. डोमानं हात पुसले आणि आपण केलेल्या कामावर तो मनापासून खूष झाला.

फटफट्यांच्या पटाच्या आदल्या दिवशी, बैलजोड्या परत गेल्यावर, कवडूच्या शेतात तृप्ती पहिल्यांदा गाडीवर बसली. म्हणजे बसलीच नाही. किक मारली, गिअर टाकला आणि उभी राहिली. पाय फूटरेस्टवर, गुडघे वाकलेले, हात लांब, छाती हँडलवर. पहिला धुरा आला. पुढचं चाक चढलं, उतरलं आणि 'ठक्क!' असा आवाज डोमाच्या थेट काळजात वाजला. दुसरा धुरा. ठक्क. तिसरा. ठक्क.

"बस खाली!" डोमा धावत ओरडला. "मांगं बस! मांगं!"

"बसली त कंबर जाते बाबा!" तीही ओरडली. "मी स्कुटीवर बी उभीच राह्यते!"

डोमानं जन्मभर गाडी बसून चालवली होती, मागं रेलून, बैलबंडीवर बसावं तशी. त्याला हे उभं राहणं म्हणजे सरळ सरळ उद्धटपणा वाटला. तो आणखी ओरडणार, तेवढ्यात तृप्ती बोडीखालच्या धुऱ्याकडे वळली. गाडी हवेत गेली, पुढचं चाक खाली आलं, शॉकअप तळाला जाऊन आपटला आणि मागचा भाग उसळून वर आला. तृप्तीचे पाय सुटले, छाती टाकीवर आदळली, गाडी वेडीवाकडी जात तणसाच्या ढिगाला जाऊन टेकली. ती पडली नाही एवढंच. ओठ दाताखाली येऊन थोडं रक्त आलं होतं, ते तिनं बाहीला पुसलं आणि ती हसायला लागली.

डोमा हसला नाही. त्याची नजर खळ्याकडे गेली होती. तिथं हातात ब्लाऊजचं गाठोडं घेऊन पार्वताबाई उभी होती. कवडूच्या बायकोला, मंदाबाईला, शिवलेले ब्लाऊज द्यायला ती आली होती आणि तिनं सगळं पाहिलं होतं. गाठोडं मंदाबाईच्या हातात दिलं आणि घराची वाट धरली.

त्या संध्याकाळी मशीन चाललं नाही. तृप्ती आत ओठाला हळद लावत बसली होती. डोमा ओसरीच्या पायरीवर बसला. उद्या पोरगी पडणार हे त्याला दिसत होतं, पार्वताबाईलाही दिसलं असणार. तिनं नुसतं गप्प बसायचं की झालं, शेड रिकामी. पण आता डोमाला शेडचं काही वाटेना. त्याला ते टाकीवर आदळलेलं अंग दिसत होतं.

"मी उद्या पोरीचं नाव काढून टाकतो," तो म्हणाला.

"कायले?" पार्वताबाईनं आतून विचारलं.

"शॉकअप ठोकून राह्यला. माप बराबर हाय, तरी ठोकून राह्यला. पोरगी उभी राह्यते, आयकत नाई. अन् गाडी बी घेऊन जाय म्हणतो कवडूले. पोरीच्या हाडापेक्षा गाडी मोठी हाय का?"

पार्वताबाई बाहेर आली. तिच्या गळ्यात मापाची पिवळी टेप तशीच होती. जेवतानासुद्धा ती काढायची विसरायची.

"माप कसं घेतलं जी तुमी तिचं?"

"तुले मालूम नाई का? कट्टा ठेवून. पन्नासचा कट्टा, पन्नासची पोरगी."

"कट्टा बसला होता का उभा होता?"

डोमानं तिच्याकडे पाहिलं.

"कट्टा सीटवर मांगं बुड टेकून बसला होता," पार्वताबाई म्हणाली. "मी रोज ओसरीतून पाह्यत होती ना त्याले. सारं वजन मांगच्या चाकावर. माही पोरगी सामोर वाकून उभी राह्यते, सारा भार हातावर. माह्याकडं बाई आली आन् मी तिले खुर्चीवर बसवून झग्याची लांबी घेतली, त थो झगा उभ्यानं कुठवर येईन? उभ्या बाईचं माप बसून घेते का कोनी?"

कट्ट्यासाठी सुतळी सरकेना म्हणून डोमानं स्प्रिंगवरचे तुकडे आखूड केले होते, शॉकअप नरम केला होता. कट्ट्यासाठी! त्याला आधी लाज वाटली, मग एकदम हसू आलं, आणि मग ध्यानात आलं की ही बाई गप्प बसली असती तर उद्या तिच्याच मनासारखं झालं असतं.

"तू सांगतलं कायले मंग?" त्यानं विचारलं. "गाडी गेली असती ना."

"गाडी जाऊ दे न जाऊ दे. पोरगी पडाले मी जन्माले घातली का?" ती फणकारली. "आता पोरीचं माप घ्या, उभ्यानं."

"आता अंधार पडला. शॉकअप खोलाचा त दिवसा पाह्यजे. सकाळी पोरगी टपाल घेऊन जाईन, ते येईन पटाच्याच वेळेवर. आन् आंगनात बसवाची नाई म्हनून तूच त..."

"माही अट अट हाय. पोरगी आंगनात त्या गाडीवर बसाची नाई." पार्वताबाईनं टेप गळ्यातून काढून हाताला गुंडाळली. "मी हाओ ना. तिचा ब्लाऊज मले होते, माहा तिले होते. सकाळी माह्यं माप घ्या."

सकाळी कवडू आला तेव्हा कट्टा खाली उतरवलेला होता, हेल्मेट सोडून आडवा पडला होता, आणि पार्वताबाई धानाच्या रोवणीला जाताना खोचतात तसं लुगडं घट्ट खोचून गाडीपाशी उभी होती. कवडूनं डोळे चोळले.

"वहिनी, तुमी?"

"मांगून धरा गाडी. आन् पडली त बोंबलू नका."

डोमानं पुढून हँडल धरलं. पार्वताबाईनं एक पाय फूटरेस्टवर ठेवला, "माय व" म्हणाली, आणि दुसरा पाय पलीकडे टाकून उभी राहिली. जिला या गाडीचा आवाजसुद्धा चालत नव्हता ती तिच्यावर उभी होती. कुंपणावर बघता बघता माणसं जमली.

"काय व पार्वता, पटात तूच धावते का?"

"पह्यले माप होऊ दे, मंग पाहू!"

"हात लांब कर," डोमा म्हणाला. "गुडघे वाकव. पोरीवानी. आनखी सामोर."

रोवणीच्या बाईसारखी ती वाकली. शॉकअप खाली गेला, गेला, आणि सुतळी जवळजवळ वरच्या टोकाला जाऊन थांबली. डोमानं कपाळावर हात मारला. नुसत्या उभं राहण्यानं एवढं, तर धुऱ्यावर काय राहिलं असतं? ती उतरली. त्यानं टोप्या खोलल्या, पांढऱ्या पाईपचे नवे लांब तुकडे कापून घातले, दवाईच्या बाटलीच्या झाकणानं मोजून तेल वाढवलं. पुन्हा ती चढली. आता फारच कडक. तुकडे जरा घासले. पुन्हा चढली. पार्वताबाईनं स्वतःची टेप काढून दिली आणि डोमा गुडघ्यावर बसून माप घेऊ लागला.

सुतळी जरा इकडे-तिकडे होत होती. डोमानं वर पाहिलं.

"श्वास सोड. पोट आत नको घेऊ."

हे वाक्य पार्वताबाई गेली कित्येक वर्षं गावातल्या प्रत्येक बाईला म्हणत आली होती. ते आपल्याच नवऱ्याच्या तोंडून ऐकलं आणि तिला जे हसू फुटलं ते आवरेना. गाडी हलली, कवडू हलला, सुतळी हलली. डोमाही हसत बसला. त्याच्या शेडमध्ये, त्याच्या गाडीवर, ती अशी हसत होती, आणि तो इतका सुखावला की माप घ्यायचं क्षणभर विसरूनच गेला.

"अजी," ती गाडीवर दोनदा वर-खाली होत म्हणाली, "हे त झुल्यावानी होऊन राह्यलं."

माप झालं तरी ती लगेच उतरली नाही. कोणी तिला उतर म्हणालंही नाही.

पटाला गर्दी उसळली होती. चिवड्याचे ठेले, फुगेवाले, उसाच्या रसाचा चरक. माईकवर स्वतः कवडू. तृप्ती टपाल वाटून धावतपळत आली, पोस्टाच्या शर्टावरच हेल्मेट घातलं आणि रांगेत उभी राहिली. तिच्या शेजारी तुमसरच्या राईस मिलमधला ट्रक ड्रायव्हर वीरेंद्र, मागच्या वर्षी पहिला आलेला. त्यानं तिच्या नव्या शॉकअपकडे बघून "जबरदस्त हाय बाप्पा" म्हणून दाद दिली.

डोमा आणि पार्वताबाई बोडीखालच्या धुऱ्यापाशी उभे राहिले. पार्वताबाई म्हणत होती, मी डोळे मिटून घेईन. तिनं मिटले नाहीत.

झेंडा पडला. निळा धूर झाला आणि त्यातून गाड्या सुटल्या. पहिला धुरा, दुसरा, तिसरा. डोमा पोरीकडे बघतच नव्हता, तो पुढच्या चाकाकडे बघत होता. चाक चढत होतं, उतरत होतं, आणि हँडल जागचं हलत नव्हतं. ठक्क वाजत नव्हतं. "आली, आली, पोस्टाची गाडी आली!" कवडू माईकवर किंचाळत होता. "आज टपाल वेळेच्या आधी येऊन राह्यलं मंडळी!" माईकवाल्यानं कुणाची बाजू घ्यायची नसते हे तो साफ विसरला होता. दोन गाड्या मधेच बंद पडल्या, एक चिखलात रुतली. पुढं वीरेंद्र, आणि त्याच्या मागं उभी तृप्ती.

वीरेंद्र मोठ्या धुऱ्यावरून गेला, डगमगला, सावरला. मग तृप्ती आली. गाडीनं जमीन सोडली. पार्वताबाईनं डोमाचं मनगट पकडलं, नेमकं मोडलेलं, आणि असं आवळलं की त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. चाक खाली आलं. डोमानं ठक्कसाठी कान टवकारून धरले होते. आला तो आवाज 'भस्स' असा, म्हैस बोडीत बसताना सोडते तसा मोठा सुस्कारा. शॉकअपनं सगळा मार पोटात घेतला, मागचं चाक सरळ टेकलं, आणि तृप्ती उभीच्या उभी खालच्या बांधीतून निघून गेली.

ती दुसरी आली. अर्ध्या चाकानं. कोणाला त्याचं काही नव्हतं, तिला तर मुळीच नव्हतं. वीरेंद्रनं येऊन तिचा हात हातात घेतला आणि पुढच्या वर्षी मीही उभा राहून चालवणार म्हणाला. डोमा मात्र गाडीपाशी जाऊन खाली बसला होता. सुतळी वरच्या टोकापासून दोन बोटं खाली थांबली होती. सगळं अंतर वापरलं आणि दोन बोटं राखून ठेवली. याहून चांगलं माप त्यानं आयुष्यात साधलं नव्हतं, आणि ते त्याच्या एकट्याचं नव्हतं.

डोमाची एक जुनी सवय होती. पटात जिंको, हरो, पडो, संध्याकाळी गाडी गावातून घरी तोच घेऊन जायचा. हात मोडला तेवढं एक वर्ष सोडलं तर कधी चुकलं नव्हतं. आजही त्यानं टोपी सारखी केली, पाय टाकला आणि सवयीनं सीटवर मागं रेलून बसला. मग किक मारून त्यानं गाडी शेजारच्या धुऱ्यावरून खाली घेतली. त्याचं ते भरलेलं अंग हँडलवर पडलं तसा पुढचा भाग खाली गेला, दोन बोटं राखलेली सुतळी टोकाला जाऊन टेकली, आणि 'ठक्क'.

डोमा तसाच बसून राहिला. गाडी तीच होती, टाकी तीच, किक तीच. पण ती आता त्याच्या मापाची नव्हती. त्याच्याच हातानं त्यानं ती दुसऱ्या अंगावर बेतली होती. त्याला वाईट वाटलं, चांगलंच वाटलं. आणि त्या वाईट वाटण्याच्या खालीच इतका आनंद होता की त्याला दोन्हींचं काय करावं ते कळेना. त्यानं पार्वताबाईकडे पाहिलं.

"पोरगी पडली नाई," तो म्हणाला. "मंग? गाडी राह्यली ना घरात?"

पार्वताबाईनं गळ्यातली टेप सारखी केली.

"गाडी राह्यली," ती म्हणाली. "तुमी उतरा."

डोमा उतरला. त्याच्या वजनातून सुटलेला शॉकअप हळूहळू वर आला. मग तृप्तीनं पाय टाकला, ती उभी राहिली, आणि गाडी जिथवर दबायची तिथवर दबून थांबली.